जादा सेकंद

"कुणाला कळणारसुद्धा नाही!" सेकंदकाकांनी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं.

ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एका वेळेवर चालवायचे, हे काकांचं काम. पृथ्वी फिरता फिरता जरा रेंगाळते, म्हणून जगभरच्या घड्याळांत अधूनमधून एक सेकंद जादा घालतात. यंदाचा सेकंद महिनाअखेरीला, ऑफिस सुटायच्या सुमारास येणार होता. काका निवृत्तही त्याच दिवशी व्हायचे होते. सेकंदाची त्यांना फिकीर नव्हती. धसका होता तो दुसऱ्या दिवसाचा. घरी बोलायला चार भिंती, आणि त्याही भाड्याच्या!

रंगीत तालीम म्हणून त्यांनी मुख्य कॉम्प्युटरची तारीख महिनाअखेरीवर नेली. बाकीच्या कॉम्प्युटरांची त्याच्याशी असलेली जोडणी आधी तोडायची मात्र राहून गेली. आणि शिस्त काकांनीच लावलेली : मुख्य सांगेल ती वेळ, उलट प्रश्न नाही!

झालं! सगळ्या ऑफिसने मुकाट्याने उडी मारली. कामावर असलेली माणसं गैरहजर लागली. भरीस भर, प्रत्येकाच्या स्क्रीनवर आपोआप निरोप झळकला, 'आज काकांचा शेवटचा दिवस. सर्वांनी कॅन्टीनमध्ये यावे.' केकवाल्याला ऑर्डरही गेली!

काका धापा टाकत कॅन्टीनमध्ये पोचले. "अहो, थांबा! चूक झाली—"

"काका, चुका सगळ्यांच्याच होतात. आज मनाला लावून घ्यायचं नाही!" रिसेप्शनवाल्या ताईंनी त्यांच्या हातात फुलं कोंबली.

"पण तारीख—"

"तारीख कुणाला चुकलीय, काका!" हिशेबनीस डोळे पुसत म्हणाले.

साहेबांनी भाषण ठोकलं, "यांचं काम नेमकं काय, हे मला आजवर कळलेलं नाही. म्हणजे ते किती चोख असेल बघा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांभोवती इतकी माणसं कित्येक वर्षांत जमली नव्हती. त्यांनी केक खाल्ला. खोटं कशाला सांगा, तीनदा मागून खाल्ला! मग गुपचूप जागेवर जाऊन तारीख मागे आणली.

दुसऱ्या दिवशी दारावरचा वॉचमन हसला, "काय काका, घरी करमेना वाटतं?"

पुढे रोज तेच. चहाला गेले की कुणीतरी म्हणे, "अजून येता? कमाल आहे तुमची!" काकाही हसत. समजावून सांगायला बसावं, तर ऐकायला थांबतंय कोण?

अखेर खरा दिवस उजाडला. स्क्रीनवर निरोप आला नाही, यंत्राच्या लेखी तो देऊन झाला होता. संध्याकाळी काका हिशेबनिसांच्या टेबलापाशी घुटमळले. "आज माझा शेवटचा दिवस."

"पुन्हा?" हिशेबनीस खो खो हसले. "काका, केक एकदाच मिळतो हं!" आणि बॅग उचलून निघाले.

काका जागेवर परतले. जादा सेकंद आला. सगळी घड्याळं एकदम तेवढा सेकंद थबकली आणि पुन्हा चालू लागली. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

काकांनी दिवा मालवला. कुणाला कळणारसुद्धा नाही, असं ते म्हणालेच होते. कामात त्यांचा शब्द कधी खोटा ठरत नसे!