गेटवरचे सगळे ‘रा’

“परमनंट झाला का रे?”

सकाळपासून मीराबाईंचं हे एकच विचारणं चाललं होतं. यशदीप गजभियेने फोनवर हात आडवा धरला आणि खुर्चीतच खाली घसरला.

“आई, पाच वाजता समजते म्हटलं न तुले! काहून फोन करून राहिली सारखी?”

“अरे, गोंदियाचे पाहुणे चार वाजता येऊन राहिले. मोनालीच्या बापानं साफ सांगतलं, पोट्टा परमनंट असन तरच बसू, नाही तं वापस. मी तं सांगून बसली, झाला म्हणून!”

“झाला म्हणून? अजून कुठं झालो?”

“मंग काय, होऊन राहिला म्हणू? असं सांगून कोणी पोट्टी देते का?”

फोन बंद झाला आणि यशदीपने पुन्हा घड्याळात पाहिलं. बिचारा मुळातच घाबरट. त्यात आज परीक्षा दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडचा पेपर एकच.

यशदीप कामाला होता ती निरंजन सरांची सॉफ्टवेअर कंपनी चौबे कॉलनीत एका मिठाईच्या दुकानावर होती. शहराबाहेर उरल्याच्या एका रोलिंग मिलला, म्हणजे लोखंडी सळया करणाऱ्या कारखान्याला, त्यांनी गेटवरची मशीन दिली होती. ट्रक आला की खिडकीवर नाव नोंदवायचं. नंबर लागला की गेटवरच्या मोठ्या लाल बोर्डावर ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर झळकायचा, की ट्रक काट्यावर वजनाला. साधी गोष्ट. पण मागच्या महिन्यात एका ड्रायव्हरने नाव सांगताना बापाचं नाव, गाव, तहसील, सगळंच सांगितलं. खिडकीवाल्याने ते इमानदारीने टाइप केलं, आणि मशीन जी झोपली ती उठेचना. मिलचं गेट अर्धा दिवस तुंबलं.

दोष होता ‘स्ट्रकॉपी’चा. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो अगदी गाभा, ज्याला हे लोक कर्नल म्हणतात, तिथे कंपनीने जुन्या काळी लिहिलेला कोड बसला होता. स्ट्रकॉपीचं काम एवढंच, की मजकूर या डब्यातून त्या डब्यात ओतायचा. समोरचा डबा केवढा आहे, हे विचारायची तिला सवयच नाही. नाव लांब निघालं की ते शेजारच्या डब्यात सांडणार, तिथलं नासवणार, आणि मशीन आडवी होणार. म्हणून निरंजन सरांनी यशदीपला कामाला लावलं: सगळ्या स्ट्रकॉप्या उपट आणि जागोजागी ‘स्ट्रस्कॉपी’ बसव. ही नवी बाई शहाणी. तिला डब्याचं माप सांगायचं, की तेवढंच ओतते आणि बाकीचं सोडून देते.

“आज मिलवाले चाचणी घेणार,” सर म्हणाले होते. “पाच वाजेपर्यंत मशीन एकदाही बंद पडली नाही, तर तू परमनंट. पडली, तर मिल आपल्याला सोडेल आणि मी तुला. साफ बात.”

यशदीपने सगळं जिवापाड तपासलं होतं. शेजारी लोकेश बसतो म्हणून इंग्रजीत ‘लोकेश’ टाइप करून पाहिलं, नाव बोर्डावर ठणठणीत उमटलं. अजून काय पाहिजे माणसाला!

तीन वाजता एकदाचा जेवणाचा डबा उघडला तोच मिलच्या गेटवरच्या नत्थूचा फोन आला.

“भैया, बोर्ड में खाली ‘रा’ आ रहा है. उसके बाजू में एक चौकोन.”

“रा? कोणता रा?”

“वही तो सब पूछ रहे हैं! राकेश आ गया, राजकुमार आ गया, रामाधार आ गया, राधेलाल भी आ गया. चारों एक साथ काँटे पर चढ़ रहे हैं.”

“अरे, गाडीचा नंबर देखो ना!”

“सीजी ०४. बस, इतनाच. और भैया, इधर सबका सीजी ०४ है.”

यशदीपने जेवण बाजूला सारलं. त्याने कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. स्ट्रस्कॉपीला डब्याचं माप द्यायचं होतं. ह्या शहाण्याने डबा कुठे ठेवलाय ते सांगणाऱ्या चिठ्ठीचं माप दिलं होतं, आणि चिठ्ठी केवढीशी! त्यात इंग्रजीतला ‘लोकेश’ मावला, गाडीच्या इंग्रजी नंबरचा पुढचा तुकडाही मावला. पण देवनागरीत एकेका अक्षराला तिप्पट जागा लागते, कान्यालासुद्धा. ‘रा’ झाला की जागा खतम. आणि एकाच ठिकाणी नाही, जिथे जिथे बदल केला तिथे तिथे हेच करून ठेवलेलं.

तो धावत निरंजन सरांच्या केबिनमध्ये शिरला. “सर, छोटी चूक आहे. एक मिनिटात दुरुस्त करतो. फक्त मशीन बंद करून परत चालू करावी लागेल.”

“बंद?” सरांचा चहा कपातच हलला. “वेड लागलं का रे तुला? आज बंद म्हणजे बंद! कशासाठी बंद केली हे मिलवाले नाही पाहणार.”

“पण सर, तिथे ट्रकवाले—”

“ट्रकवाल्यांना तू पाहा. मशीनला हात लावायचा नाही. जा!”

झालं. आता मशीन सुधारावी तर नोकरी जाते, आणि नाही सुधारावी तर उरल्याला मारामाऱ्या होतात. यशदीपने स्कूटर काढली. वाटेत धुळीने डोळे चुरचुरत होते, पण डोळ्यांत पाणी त्या धुळीनेच आलं होतं असं काही छातीठोक सांगता येणार नाही.

गेटवर पाहतो तर काय! काट्याच्या तोंडाशी चार ट्रक नाकाला नाक लावून उभे. राकेश खाली उतरून राजकुमारची कॉलर धरून होता. “पहला ‘रा’ मैं हूँ!” असं तो ओरडत होता. मागे आणखी ट्रकांची रांग पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती, आणि हॉर्नने कान किटले होते. तेवढ्यात बोर्ड बदलला आणि ‘सं’ आला. लगेच मागून संतोष, संजय आणि संपत यांनी एकदम गाड्या चालू केल्या.

“अरे बाप रे!” यशदीप नत्थूच्या खोलीत घुसला. खिडकीतल्या कॉम्प्युटरवर मात्र नावं पूर्ण दिसत होती, कारण ती त्या गाभ्यातून जातच नव्हती. शेजारी शिफ्ट बदलताना ओरडायचा माइक पडला होता. शाळेत साधी कविता म्हणतानाही ज्याची वाचा बसायची, त्या यशदीपने तो माइक उचलला.

“राकेश साहू, बेमेतरावाले,” तो चिरकला. कोणी मान वर करेना.

“जोर से, भैया! ऐसा तो कोई दूधवाले को भी नहीं बुलाता,” नत्थू म्हणाला.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. त्याने तो कानाला लावला. “अरे, पाहुणे आले! परमनंट—”

“थांब आई, एक मिनिट!” यशदीपने फोन तसाच चालू खिशात कोंबला. बाहेर राधेलालने ट्रक रिव्हर्स घेतला आणि गेटचा खांब वाकवला. खांब वाकलेला पाहिला आणि यशदीपच्या डोळ्यांपुढे आई, मोनाली, गोंदिया, सगळं एकदमच वाकलं. मग त्याच्या आतून जो आवाज निघाला, तो त्याचा त्यालाच ओळखू येईना.

“राधेलाल, गाडी बंद! राजकुमार, पीछे हट! मैं नाम लूँगा वही गाड़ी हिलेगी, बाकी एक भी हिली तो आज वजन नहीं होगा! राकेश साहू, बेमेतरा, आगे आओ!”

एकेक करत हॉर्न थांबले. मग राकेशने मुकाट्याने राजकुमारची कॉलर सोडली. “हव साहब,” म्हणून तो ट्रकवर चढला.

त्यानंतर यशदीप थांबलाच नाही. नाव, गाव, गाडीचा पूर्ण नंबर, वर दमदाटी फुकट. घसा सुकला, शर्ट पाठीला चिकटला, नत्थू मधेमधे तोंडात पाणी ओतत होता. नजर मात्र सारखी मशीनच्या हिरव्या दिव्याकडे. विझू नको रे बाबा, एवढंच मनात. दिवा विझला नाही. पाच वाजले तेव्हा मोठ्या रस्त्यावर एकही ट्रक उरला नव्हता.

निरंजन सर आणि मिलचे मॅनेजर समोरून येताना दिसले, आणि यशदीपचा आवाज पुन्हा मूळ जागी गेला.

“सर, माफ करा,” तो दोघांनाही म्हणाला. “बोर्ड माझ्यामुळे बिघडला. माप चुकलं. आता लगेच सुधारतो.”

“मशीन बंद हुई क्या?” मॅनेजरांनी विचारलं.

“नहीं सर, पर—”

“एक बार भी?”

“नहीं.”

“फिर क्या बिगड़ा?” मॅनेजर निरंजन सरांकडे वळले. “निरंजनजी, बोर्ड लगा तब से इतनी जल्दी गाड़ियाँ नहीं निकलीं. ड्राइवर लोग बोर्ड पढ़ते कहाँ हैं? सोते रहते हैं. ये लड़का चिल्लाता है तो उठते हैं. मशीन हम रखेंगे, पर ये साथ में चाहिए. रोज.”

निरंजन सरांचा चेहरा उजळला. “यशदीप, तू आजपासून परमनंट. बसायचं इथेच, गेटवर.”

“पण सर, मी इंजिनियर... आणि तो कोड? सगळीकडे एकच चूक आहे, आत्ता—”

सरांनी त्याला बाजूला ओढलं. “खबरदार हात लावशील तर! उद्या बोर्डावर पूर्ण नाव यायला लागलं, तर हे तुला कशाला ठेवतील?”

यशदीप खिडकीपाशी परत आला. तेवढ्यात खिशातून बारीक आवाज आला. “हॅलो? अरे यशदीप!”

त्याने दचकून फोन कानाला लावला.

“अरे पोट्ट्या, फोन चालूच होता तुहा! पाहुण्यायनं सारं ऐकलं. मोनालीचा बाप म्हणे, एवढे ट्रक ज्याच्या हुकमानं हलतात, त्याले परमनंट का म्हणून इचारायचं? दोन प्लेटा पोहे खाल्ले त्यायनं!”

“आणि... मोनाली?”

“ते हासून राहिली. म्हणे, घरात एवढं जोरात नाही चालणार.” मीराबाईंनी आवाज खाली आणला. “मे महिन्यात करू म्हणतात. पण मले एक खरं सांग, तोवर टिकन न रे तुही नोकरी?”

यशदीपने गेटवर पाहिलं. बोर्डावर पुन्हा एक ‘रा’ चमकत होता, आणि लांबून कोणीतरी नवा रामलाल का राजाराम बावचळून गाडी पुढे आणत होता.

“टिकते आई,” तो माइक उचलत म्हणाला. “फक्त मी चांगलं काम नाही केलं पाह्यजे.”