वळचणीतला सदरलेखक

"तुमच्या शब्दांच्या सदराला वर्षभरात एकही पत्र नाही," संपादक म्हणाले. "कुणी वाचतं तरी का ते? उद्या अकराला ठरवून टाकू."

"आमच्या शेजारी रोज मोठ्याने वाचतात, साहेब," उपसंपादक म्हणाला. ते खरंच होतं. हे आपल्याला कसं ठाऊक, तेवढं त्याने सांगितलं नाही.

रोज सकाळी सातला तो शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या खिडकीखाली भिंतीला चिकटून उभा राहायचा. आत मास्तर सदर वाचत, मास्तरीणबाई 'वा!' म्हणत, आणि त्या एका 'वा'वर त्याचा दिवस निघे.

दुसऱ्या दिवशीचा शब्द होता 'ईव्ह्जड्रॉपर'. मास्तर वाचू लागले, "छपराच्या पागोळ्या गळतात त्या वळचणीला उभं राहून घरातलं बोलणं चोरून ऐकणारा, तो ईव्ह्जड्रॉपर."

लिहिताना त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. आता रात्रीच्या पावसाची एक पागोळी मानेवरून थेट शर्टात उतरली, तेव्हा आलं. त्याने ती मुकाट्याने सोसली.

"फ्रेंच शब्द दिसतोय," मास्तर म्हणाले.

"फ्रेंचच," बाईंनी दुजोरा दिला.

हे मात्र त्याला सोसवेना. "अहो, जुना इंग्रजी आहे! दुसऱ्या परिच्छेदात दिलंय!"

खिडकी उघडली. "बोललात एकदाचे!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "हे म्हणालेच होते, आपण मुद्दाम चुकलो की तुम्हाला राहवणार नाही."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"वर्षभर! आमची मोगऱ्याची कुंडी दोनदा फोडलीत तुम्ही."

"माझा घसा बसतो हो," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही ताटकळत उभे, म्हणून वाचतो. एरवी आम्हाला कोडं पुरतं."

उपसंपादकाने मान खाली घातली आणि अकरा वाजताचं सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? पत्र देतो की!"

"नको हो मास्तर, पाया पडतो!"

"तुम्ही आधी शर्ट बदला."

अकराच्या आधीच पत्र कचेरीत पोचलं होतं. 'वाचक सदर वाचतात की नाही, हे पाहायला आपले उपसंपादक वर्षभर रोज सकाळी आमच्या खिडकीखाली जातीने हजर असतात. अशी निष्ठा दुर्मीळ. सदर चालू ठेवावे. त्यांना फक्त आत येऊन बसायला सांगावे.'

सदर वाचलं. संपादकांनी पत्र टेबलाशी उभं राहून, खणखणीत आवाजात, दोनदा वाचून दाखवलं. ते ऐकायला कचेरीत कुणालाच वळचणीला उभं राहावं लागलं नाही.