सुपडूची दौरावही

जामनेरहून मशीन दुरुस्त करून आल्यावर सुपडूने कंपनीच्या दौरावहीत लिहिलं होतं : "कॉम्प्रेसरचं तेल बदललं. मशीन चालू. बाजारात पेटीवाला भेटला. बोटं चांगली, भाता फाटका. पाऊण तास."

वहीत चार रकाने होते. ठिकाण, वेळ, काम आणि शेरा. पेटीवाला 'काम' या रकान्यात होता. शेरा मी लिहायचा असे, कारण मी सर्व्हिस विभागाचा इनचार्ज होतो. म्हणजे टेबल माझं होतं, टेलिफोन माझा होता आणि उन्हातान्हात फिरणारे पाय दुसऱ्यांचे होते.

आमची जळगावची कंपनी केळी पिकवायच्या थंड खोल्यांची मशीनं बसवायची आणि सांभाळायची. मशीन बंद पडलं की आत लावलेला अख्खा माल दोन दिवसांत काळा पडतो. म्हणून तक्रार आली की मेकॅनिक पळवायचा. दौरा म्हटला की बाकीच्या मेकॅनिकांच्या पोटात दुखायला लागे. सुपडू मात्र आदल्या दिवशीच दाढी करून येई. मुलगी बघायला जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर असतं तसं तेज त्याच्या तोंडावर असे, आणि जायचं असे बोदवडला.

"बोदवडला काय आहे रे एवढं?" मी विचारायचो.

"गाव आयक्याबिगर समजस नही, आबा," तो म्हणायचा. गाव ऐकल्याशिवाय कळत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. आम्ही अडाणी माणसं, गाव बघून यायचो.

धुळ्याला मुक्काम पडला तर लॉजमधली सगळ्यात स्वस्त खोली तो हट्टाने मागून घेई. ती स्वस्त का, तर खिडकी थेट रस्त्यावर. खाली भाजीवाले, टांग्यांच्या जागी आलेल्या रिक्षा, भंगारवाला, कुणाच्या तरी लग्नाची वाजंत्री. सुपडू खिडकीत शेवभाजीचं ताट घेऊन बसायचा. आमचे मालक रेल्वेच्या पहिल्या वर्गाने मुंबईला जाऊन यायचे आणि आठवडाभर कंबर धरून बसायचे. हा एसटीच्या मागच्या सीटवरून धुळ्याला जाऊन यायचा आणि महिनाभर पुरेल इतका खूश असायचा. यातला श्रीमंत कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला पगारवाढीचे प्रश्न पडत.

एकदा मी त्याच्याबरोबर होतो. नशिराबादपाशी रस्त्यावर वरात आडवी आली आणि एसटी थांबली. सुपडूने डोळे मिटले, मान हलवली आणि हत्यारांची पिशवी घेऊन खाली उतरला. मला वाटलं, ओळखीचं लग्न असेल. तो सरळ ढोलवाल्यापुढे उभा राहिला.

"भाऊ, ढोल ढिला शे तुना. नवरदेव घोडावर शे, त्यानी तरी लाज राख."

ढोलवाल्याने आधी शिवी दिली, मग ढोल दिला. भर उन्हात, अख्खी वरात थांबवून, सुपडूने कंपनीच्या पान्याने ढोलाचे नट आवळले. नवरदेव घोड्यावर घाम पुसत बसला होता. नवऱ्याचे वडील मला विचारत होते, "हे कोण?" आणि मी जन्मात प्रथमच आपल्या मेकॅनिकला न ओळखण्याचा प्रयत्न करत होतो. त्या दिवशीची नोंद : "नशिराबाद. ढोल आवळला. अर्धा तास. मशीन आपल्या कंपनीचं नसल्याने बिल केलं नाही."

मी शेरा मारला : "पाहिले."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्याचा कान मशीनवरही तसाच चाले. चालू खोलीच्या दाराला कान लावून तो म्हणायचा, "पंखा रडी ऱ्हायना. बेअरिंग जायेल शे." उघडून बघितलं की बेअरिंग गेलेलं असे. आम्ही याला नशीब म्हणायचो. दुसऱ्याच्या अकलेला नशीब म्हणायची आमच्या ऑफिसात पद्धत होती.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. ते लिहायला मी बावीस वर्षं घेतली. वय शहात्तर झालं, आता आणखी लांबवण्यात फार अर्थ नाही.

हिवाळा होता. सुपडू धुळ्याला होता. सकाळी धुळ्याच्याच एका केळीच्या व्यापाऱ्याचा फोन आला : खोलीचं मशीन बंद पडलंय, माणूस पाठवा. मी चिठ्ठीवर नाव-पत्ता लिहिला. लॉजवर फोन लावणार, तेवढ्यात खाली जीपचा हॉर्न वाजला. त्या दिवशी मालकांच्या शेतात भरीत पार्टी होती. आमच्याकडे हिवाळ्यात माणसाची लायकी त्याला किती भरीत पार्ट्यांची बोलावणी येतात त्यावरून ठरते, आणि मालकांच्या पार्टीला मला पहिल्यांदाच बोलावणं होतं. चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली आणि जीपमध्ये बसलो.

तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. मालकांनी स्वतःच्या हाताने मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी वाढली. मी तीनदा भरीत घेतलं. चिठ्ठी खिशातच होती. तिला भूक नसावी. दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी व्यापाऱ्याचा दुसरा फोन आला, तो थेट मालकांना. सगळा माल काळा पडला होता.

मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये उभं केलं.

"माले निरोप उनाच नही," सुपडू म्हणाला. मला निरोप आलाच नाही.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी लॉजवर फोन करून सांगितलं होतं."

इतकं सोपं असतं ते. आणि वर मी पुरावा काढला. दौरावही उघडून मालकांपुढे ठेवली. त्या शनिवारची नोंद स्वच्छ अक्षरात होती, कारण सुपडू काही लपवत नसे : "धुळे. पाचकंदील चौक. म्हातारा सारंगीवाला. दोन तास." मालकांनी ती मोठ्याने वाचली. सुपडू माझ्याकडे बघत राहिला. मी चौथ्या रकान्यात लिहिलं : "कामाच्या वेळी गाणं ऐकत बसल्यामुळे तक्रारीकडे दुर्लक्ष." इतका लांब शेरा मी त्याआधी कधी लिहिला नव्हता.

सुपडूचे दौरे बंद झाले. निवृत्तीपर्यंतची पाच वर्षं तो गावाबाहेरच्या गोदामात सुटे भाग मोजत बसला. पत्र्याचं गोदाम, आसपास ऐकण्यासारखं काही नाही. माझ्या शर्टाच्या खिशातून बायकोने धुतलेल्या कागदाचा गोळा काढला आणि विचारलं, "काही महत्त्वाचं होतं का?" मी म्हणालो, "छे."

मागच्या महिन्यात सुपडूची बायको गेल्याचं कळलं. यमुनावहिनींचे पाय तरुणपणीच अधू झाले होते. त्या घराबाहेर पडत नसत, एवढंच मला माहीत होतं. दहावं झाल्यावर भेटायला गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो आणि अर्धा तास हवामानावर बोललो.

मग सुपडूनेच लोखंडी पेटी ओढली. आत दौरावह्या होत्या. ऑफिसला मूळ पान द्यायचं. खालची कार्बन प्रत तो घरी आणायचा.

"तिले वाची दाखाडू," तो म्हणाला. "घर उनू का पहिलं इचारे, आज कोन वाजाडत व्हतं?"

तीस वर्षं यमुनावहिनींनी खाटेवर बसून खानदेश ऐकला होता. जामनेरचा पेटीवाला, नशिराबादचा ढोल. मी ज्यावर 'पाहिले' लिहून पान उलटत होतो, ते कुणीतरी वाट बघून ऐकत होतं.

मी वह्या चाळल्या आणि थांबलो. गोदामाच्या पाच वर्षांतही नोंदी होत्या. बोदवड, बासरीवाला. जामनेर, तुणतुणं. धुळे, पुन्हा धुळे.

"सुपडू, तू तर तेव्हा गोदामात होतास."

"तिले काय सांगू मंग?" तो म्हणाला. "सकाळी पिशवी लिसन निंघू, संध्याकाळी वही लिसन येऊ. बठ्ठं मनथून लिखेल शे." सगळं मनानेच रचलेलं. मग तो हसला. "खोटं लिखानं तुमनाकडूनच शिकनू, आबा."

बावीस वर्षं त्याला माहीत होतं. धुळ्याच्या व्यापाऱ्याने त्याच आठवड्यात त्याला सांगितलं होतं, की फोन शनिवारी सकाळीच केला होता. लॉजवाल्यानेही सांगितलं होतं, की जळगावहून फोन आलाच नाही.

"मग मालकांना का नाही सांगितलंस?"

"तुम्हले गोदामात धाडतं त्यास्नी. तुम्ही तठे काय आयकतात?"

मला गोदामात धाडलं असतं, तर मी तिथे काय ऐकलं असतं? याला मोठेपणा म्हणावं की टोमणा, मी अजून ठरवलेलं नाही. दोन्ही असावं.

त्या शनिवारचं पान त्याने काढून माझ्यापुढे ठेवलं. कार्बन प्रतीत चौथा रकाना कोरा होता. मी पेन काढलं आणि लिहिलं : "निरोप दिलाच नाही. चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी भरीत खात होतो. सुपडूचा दोष नाही." त्याने वाचलं.

"खाले सही करा. तारीख आजनी टाका."

मी सही केली. त्याने वही मिटली, गुडघ्यावर ठेवली आणि खाटेकडे बघत म्हणाला, "आते वाची दाखाडू कोनले?"

खाट भिंतीला टेकवून उभी केली होती. निघायला म्हणून पायात सरकवलेली चप्पल मी पुन्हा काढली आणि मांडी घालून बसलो.

"मला वाच. सारंगीवाल्यापासून."

तो चष्मा पुसत बसला. बराच वेळ पुसला. मग वाचायला लागला आणि मधेच वही खाली ठेवून, हात हवेत फिरवत, ती सारंगी गाऊन दाखवायला लागला. आणि तेव्हा मला बावीस वर्षांतलं दुसरं सत्य कळलं. सगळ्या खानदेशाच्या वाजंत्र्यांना नापास करणारा हा माणूस स्वतः ठार बेसूर होता. शेजारची शेळी उठून उभी राहिली.

"कसं वाटनं?" त्याने विचारलं.

खरं बोलायची सवय मला नुकतीच लागली होती. ती जरा बाजूला ठेवून मी म्हणालो, "अगदी सारंगी, सुपडू."

"तीबी आसंच म्हने," तो म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.