आठ नावांची पेटी

शालिकरामच्या थोरल्या नातीचं, पौर्णिमाचं, लग्न झालं आणि वरातीतल्या डीजेनं शेजाऱ्याच्या गोठ्याचे दोन पत्रे खाली आणले, ते साल २०२३. त्याच पावसाळ्यात टमाट्याला कधी नव्हे तो भाव आला. आणि त्याच वर्षी शालिकरामची धाकटी नात रागिणी बँडमधून निघण्याच्या बेतात आली. पहिल्या दोन गोष्टी दर्यापुरात अजून सांगितल्या जातात. तिसरी कोणी सांगत नाही, म्हणून ती इथे लिहिली आहे.

दर्यापूरच्या एका उत्सव मंडळाच्या सभागृहात 'हुंकार' नावाचा बँड सराव करीत असे. शेखर गात असे आणि गिटार वाजवीत असे, त्याचा भाऊ दुसरी गिटार वाजवीत असे, शिवम ड्रम बडवीत असे आणि रागिणी बास गिटार वाजवते असं सांगितलं जात असे. सांगितलं जात असे म्हणायचं कारण इतकंच, की त्या तिघांचा आवाज बस स्टँडवर कंडक्टरला ऐकू यायचा आणि रागिणीचा रागिणीलाही यायचा नाही. तिच्याकडे स्पीकरची पेटी होती ती दिवाळीच्या चिवड्याच्या डब्याएवढी.

"रागिणी, तू वाजवून राहिली का नाई, आमालेच समजत नाई," शेखर एक दिवस म्हणाला. "जानेवारीत अमरावतीची स्पर्धा हाये. तवापर्यंत मोठी पेटी आण. नाई जमलं तर बासचं मी कीबोर्डवर भागवून घेतो. वाईट वाटून घेऊ नको."

रागिणीने वाईट वाटून घेतलं आणि घरी येऊन भाकर खाल्ली नाही.

शालिकराम भाजीपाल्याचा माणूस. त्याने नातीला एकच प्रश्न विचारला.

"बास म्हंजे काय वं?"

"खालचा आवाज, आबाजी. असला तर कोणाच्या ध्यानात येत नाई. नसला तर गाणं पोकळ लागते."

"आपल्या विहिरीच्या मोटरवानी?"

"हो. तसाच."

शालिकराम चाळीस वर्षं मोटरच्या घुमण्यावरून बेअरिंग गेलं की पाणी खोल गेलं ते सांगत आला होता. त्याला याहून जास्त समजावून द्यावं लागलं नाही. "टमाट्याचे पैसे पडून हायेत," तो म्हणाला. "पेटी घेऊ."

इथपर्यंत सगळं साधं होतं. पण पेटी ठेवायची सभागृहात, आणि सभागृहात जी वस्तू राहील ती मंडळाच्या नोंदवहीत चढलीच पाहिजे असा नियम. म्हणजे पेटी मंडळाला दान द्यावी लागणार. मंडळाचे अध्यक्ष बंडूभाऊ यांना नगर परिषदेची निवडणूक लढवायची होती. सचिव जयवंताबाई पंचायत समितीतून लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या. निवृत्त फक्त त्या झाल्या होत्या, त्यांची भाषा नाही.

"दाता हयात आहे की दिवंगत?" जयवंताबाईंनी विचारलं.

"मीच हावो ना बाई दाता. तुमच्या समोर बसून हावो."

"समोर बसणे हा पुरावा होत नाही. दाता दिवंगत असेल तर मृत्यूचा दाखला. हयात असेल तर हयातीचा दाखला, दोन साक्षीदार आणि पासपोर्ट फोटो."

शालिकराम बायकोला, माणिकबाईला, साक्षीदार म्हणून घेऊन आला. माणिकबाईने शपथेवर सांगितलं, "हे जित्ते हायेत. कालच भाजीत मीठ कमी पडलं म्हणून माह्याशी भांडले." जयवंताबाईंनी जबाब नोंदवला आणि हा दाखला तीन महिने चालेल असं बजावलं.

"आणि मेल्याचा किती दिवस चालते?" माणिकबाईने विचारलं.

"तो कायमचा."

"मंग त्यातच सोय हाये तं," माणिकबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाली.

दान स्वीकारण्याचा ठराव झाला. त्यातून पेटी निवड उपसमिती निघाली. समितीत बंडूभाऊ, जयवंताबाई आणि निमंत्रित म्हणून शालिकराम. रागिणी ती पेटी वाजवणार असल्यामुळे तिचा हितसंबंध गुंतलेला होता, म्हणून तिला समितीत घेता आलं नाही. तरी ती सगळ्यांबरोबर अकोल्याला गेली. जीपमध्ये मागच्या बाकावर गिटार मांडीवर घेऊन बसली.

अकोल्याचा दुकानदार भला माणूस होता. त्याने तीन पेट्या पुढे ओढल्या. "ही पंधरा इंचाच्या एका स्पीकरची. आवाज खोल, जमीन हलवते, पण गोंगाटात सूर कोणता ते समजत नाही. ही दहा इंचाच्या चारांची. सूर साफ, गर्दीतून वाट काढते. आणि ही दहा इंचाच्या आठांची. फ्रिजएवढी आहे, उचलायला चार माणसं लागतात. ड्रमवाला जोरात वाजवतो का?"

"बडवते," रागिणी म्हणाली.

"मग चारवाली किंवा आठवाली. पण माझं ऐकू नका. बाई, गिटार लावा आणि तुम्हीच ऐका."

रागिणी उठली. जयवंताबाईंनी हात आडवा केला.

"ऐकून निवड करता येणार नाही."

"मंग कशी करता बाई? पेटी हाये ते."

"उद्या कोणी माहिती अधिकारात विचारलं, ही पेटी कोणत्या आधारावर घेतली, तर काय उत्तर देणार? ऐकून? फाईलला कान जोडता येतो का?"

दुकानदार खाली बसला. जयवंताबाईंनी तुलनात्मक तक्ता काढला. उंची, रुंदी, वजन, चाकांची संख्या, कड्यांची संख्या, रंग. 'आवाज' असा रकाना विहित नमुन्यात नव्हता. शालिकरामने फार आग्रह धरला तेव्हा त्यांनी शेवटी हाताने एक रकाना ओढला आणि तिन्ही पेट्यांपुढे 'निरंक' लिहिलं, कारण त्या वेळी तिन्ही पेट्या बंद होत्या.

तिकडे बंडूभाऊ टेप घेऊन पेट्यांचा पुढचा भाग मोजत होते. "ही," आठवालीवर थाप मारून ते म्हणाले. "हिच्यावर नावं बसतात."

रागिणीला आनंद झाला. तिलाही आठवालीच हवी होती. कारण चुकीचं आहे आणि निर्णय बरोबर आहे, असं तिला वाटलं. असं आपल्याला फार वेळा वाटतं, आणि आपण गप्प बसतो.

पेटी आली. मागून आठ दिवसांनी काळा ग्रॅनाईट आला. फ्लेक्स उन्हात उडतो, रंग पावसात उतरतो, म्हणून दगड. दगडावर सोनेरी अक्षरांत आठ नावं: ज्यांच्या प्रेरणेने, ज्यांच्या मार्गदर्शनाखाली, ज्यांच्या शुभहस्ते, ज्यांच्या प्रमुख उपस्थितीत, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि अगदी खाली, बूट लागतील अशा उंचीवर, दाता शालिकराम. दगड पेटीच्या अंगाबरोबर बसवला होता. आठ बोल्ट, आठ स्पीकर, आठ नावं. प्रत्येक स्पीकरच्या तोंडावर एकेक सन्माननीय व्यक्ती.

"बंडूकाका," रागिणी म्हणाली, "आवाज कोठून निघन?"

"मागून."

"मागं लाकूड हाये."

"मंग बाजूनं."

"बाजूलेबी लाकूडच हाये."

"अवं पोट्टी, एवढ्या मोठ्या पेटीचा आवाज! तो आपला रस्ता काढनच ना कोठून तरी."

"दगड मागून लावा ना काका."

"मागून कोण पायते?"

"पाहाचं कायले? पेटी आयकाची असते."

"नाव आयकाचं असते का?" बंडूभाऊंनी शांतपणे विचारलं. "नाव वाचाचं असते."

शालिकरामने तोडगा सुचवला. दगडाचा निदान एक तुकडा कापावा, एका स्पीकरपुरता. सूचना रास्त होती. तातडीची सभा बोलावली गेली. कोणाच्या नावाचा तुकडा कापायचा, यावर चर्चा झाली. प्रेरणा गेली तर कार्यच उरत नाही. मार्गदर्शन गेलं तर दिशा उरत नाही. शुभहस्त पाहुण्यांचे होते, ते कापणं बरं दिसलं नसतं. कोषाध्यक्ष म्हणाले की अध्यक्षांनी आदर्श घालून द्यावा. अध्यक्ष म्हणाले की सुरुवात कोषाध्यक्षांपासून व्हावी. चार तासांनी सर्वानुमते ठरलं, की कापायचंच तर दात्याचं नाव कापावं.

"कापा," शालिकराम लगेच म्हणाला. "माही ना नाई."

"दात्याचं नाव काढलं तर वस्तू बेवारस ठरते," जयवंताबाई म्हणाल्या. "बेवारस वस्तू सभागृहात ठेवता येत नाही."

डिसेंबरात लोकार्पण झालं. बँडने चार गाणी वाजवली. रागिणीची बोटं सोलून निघाली. शिवमचे ड्रम वाजले, गिटारी वाजल्या, पेटीतून मात्र लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी एक भुणभुण आली, ती सुद्धा पंखा बंद केल्यावर. लोक पुढे येऊन नावं वाचत होते, फोटो काढत होते. आवाजाच्या बंदोबस्तावर आलेल्या पोलिसांनी असं समंजस वाद्य आजवर पाहिलं नाही असा अभिप्राय दिला. रागिणीने लेखी अर्ज केला, की पेटी ऐकू येत नाही. त्याला लेखी उत्तर आलं: 'सदर पेटीच्या आवाजाबाबत परिसरातील एकाही नागरिकाची तक्रार प्राप्त नाही. सबब पेटी सुस्थितीत आहे.' पुढच्या महिन्यात तालुक्यातल्या सहा मंडळांनी आपापल्या पेट्यांवर दगड बसवून घेतले. एका मंडळाकडे पेटी नव्हती. त्यांनी नुसता दगड बसवला.

शेखरने रागिणीला गाठलं. "पेटी आली खरी, पण तू अजूनबी आयकू येत नाई. शनिवारपर्यंत पाह्यतो. मंग कीबोर्ड."

शुक्रवारी भर दुपारी शालिकराम मोटरचे पाने धोतराच्या ओच्यात घालून सभागृहात गेला. आठ बोल्ट काढायला त्याला दोन तास लागले. दगड त्याने, रागिणीने आणि शिवमने मिळून उतरवला, खाली पोतं अंथरून भिंतीला टेकवला, वरून फडक्याने पुसलासुद्धा.

"आता वाजव."

रागिणीने एक तार ओढली. खिडक्यांच्या काचा बोलल्या. कपाटातले चहाचे कप चालायला लागले. शिवम सवयीने जोरात बडवू लागला आणि पहिल्यांदाच थांबून म्हणाला, "च्यामायले! हे गाणं असं हाये होय?" शालिकराम पेटीला तळहात लावून उभा होता. तारेचं घुमणं हातातून कोपरापर्यंत, कोपरातून छातीपर्यंत येत होतं. गाणं संपलं तरी त्याने हात काढला नाही.

"बेअरिंग एकदम बरोबर हाये," तो म्हणाला.

रागिणी हसली, आणि मग तिने तोंड फिरवून घेतलं.

ही पंधरा मिनिटं. त्यानंतर कुलूप आलं. शिवमच्या ड्रमने जे आजवर झालं नव्हतं, ते पोतं अंथरून ठेवलेल्या दगडाने केलं: भावना दुखावल्या. मान्यवरांची नावं जमिनीवर ठेवली! बंडूभाऊ सभागृहाच्या पायरीवर बसून राहिले. जयवंताबाईंनी निवेदन तयार केलं. रागिणीला एक वर्ष सभागृहात बंदी, दगडाची पूर्ववत स्थापना, आणि पुन्हा कोणी पाना लावू नये म्हणून बोल्टांची डोकी वेल्डिंगने बंद.

अमरावतीला बँड गेला. पेटीही गेली, चार माणसांच्या जागी आता नऊ लागली. तिला कोणतीही वायर जोडलेली नव्हती. बास कीबोर्डवर होती. शालिकराम आणि रागिणी तिकीट काढून मागच्या खुर्च्यांवर बसले होते.

"ते पेटी वाजून राहिली का?"

"नाई आबाजी."

"मंग हे टाळ्या कायच्या?"

"पाहुण्याईनं नावं वाचून दाखवली ना."

'हुंकार'ला उत्कृष्ट रंगमंच व्यवस्थेचं पारितोषिक मिळालं. रागिणीने गिटार खोळीत घातली. त्या वर्षात ती पुन्हा खोळीबाहेर निघाली नाही.

वाचताना आपण बंडूभाऊंना हसला असाल, जयवंताबाईंनाही. हसावंच. पण निवेदन त्या दोघांच्या बळावर मंजूर झालं नव्हतं. त्याला चारशे बारा सह्या होत्या. कागद चहाच्या टपरीवर फिरला, रेशनच्या रांगेत फिरला, एका साखरपुड्याच्या पंगतीतही फिरला. कोणीतरी ओळखीच्या माणसाने तो पुढे केला. पोरगी कोणाची, पेटी कसली, आवाज येत होता की नाही, असं आपण काही विचारलं नाही. पेन चालत नव्हता म्हणून तळहातावर दोनदा ओढून पाहिला, तेवढी चौकशी केली. आपली सही दुसऱ्या पानावर आहे, वरून सातवी. फोन नंबरही दिला आहे.

शालिकराम १५ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या करीला, सकाळी दहाच्या सुमारास राहत्या घरी वारले. त्यांचं वय एकोणऐंशी होतं. हा दाखला कायमचा आहे.