तात्यांच्या कॉम्प्युटरला स्थळ

रविवारी सकाळी सर्जेरावतात्यांचा फोन येतो. "स्थळ आलंय. बघायला या."

तात्यांच्या घरात लग्नाचं कुणी नाही. सत्तरी ओलांडलेले तात्या आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, एकटे राहतात. स्थळ बघायचं असतं ते त्यांच्या कॉम्प्युटरसाठी, आणि स्थळ म्हणजे व्हिडिओ दाखवणारा प्लेअर. मी जातो. न जाऊन करणार काय? तात्या इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून बसलेले असतात. आधी पोहे, मग चहा, मग कॉम्प्युटरवरचा रुमाल बाजूला होतो. पाच मिनिटांत कार्यक्रम आटपतो. तात्या टोपी काढतात आणि म्हणतात, "कळवतो." कळवतो म्हणजे नाही, हे लग्न जमवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

या भानगडीचा कर्ता मीच. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. तात्यांचा कॉम्प्युटर इतका जुना की चालू करून माणसानं आंघोळ उरकून यावं. नवा घ्या म्हटलं तर म्हणाले, "म्हातारं झालं म्हणून घरातनं काढायचं व्हय?" मग मी त्यावर लिनक्स नावाची एक हलकी कार्यप्रणाली टाकून दिली. फुकट, सगळ्यांना खुली आणि जुन्या हाडांना झेपणारी. कॉम्प्युटर चालायला लागला. फक्त तिच्यात प्लेअर नव्हता, तो आपण निवडायचा होता. ढिगानं आहेत, हवा तो घ्या, असं मी बोलून गेलो. ज्या माणसाची हयात लग्नघरात गेली त्याला असं सांगू नये.

तात्या लग्नाचं शूटिंग करायचे. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, मागे वायरींचं भेंडोळं. शाहूवाडीपासून पन्हाळ्यापर्यंत त्यांच्याशिवाय अक्षता पडत नसत. तेव्हाची लग्नंही काय होती! नवरीचा चेहरा कमळातून उमलायचा, नवरदेव बदामात बसायचा, आणि कॅसेट आली की अख्खी गल्ली ती बघायला जमायची. माझ्या लग्नात तर तात्यांनी मला एकच घास तीनदा भरवायला लावला. बायको अजून म्हणते, तेवढाच काय तो प्रेमानं भरवलास.

त्यांच्याबरोबर लाईट धरायला काकू असायच्या. पोरं ठेवली की पंगतीत जाऊन बसतात, म्हणून तात्यांनी बायकोलाच लाईट धरायला शिकवलं. भर उन्हाळ्यात तो भगभगता दिवा डोक्यावर धरून त्या तासन्‌तास उभ्या राहायच्या. माझ्या लग्नात त्यांनी दिव्याआडून पदर पुढं करून मला म्हटलं होतं, "घाम पूस रं लेकरा, आयुष्यभर दिसंल." तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. तात्या त्याबद्दल कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. तेव्हा विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

तर स्थळं. तात्यांचं म्हणणं, घरजावई बघायचाय, तेव्हा पारखून घ्यायला पाहिजे. पहिल्याला कॉम्प्युटरवर बसवताना तो आणखी चाळीस छोटे प्रोग्रॅम मागायला लागला. तात्या म्हणाले, "ह्यो एकटा येत न्हाय. संगं चाळीस पावणं घिऊन येतोय. आमच्या पोरीला एवढ्यांचं जेवण झेपायचं न्हाय." दुसरा दिसायला देखणा, पण त्याला आवाजच फुटेना. तिसऱ्याला चित्र दिसायचं आणि बोलणं मागाहून यायचं. "ह्येच्या घरात कोण काय म्हणतंय ह्येला उद्या कळतंय."

परीक्षा मात्र सगळ्यांची एकच. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेलं मलकापूरचं एक जुनं लग्न लावायचं, अक्षतांपाशी थांबायचं आणि तिथून मागं जायचं. प्रत्येक प्लेअर मागं जाताना एकदम पाच-दहा सेकंदांनी जायचा, आणि तात्यांची मान हलायची. "उडी मारतंय. मला उडी मारणारा नगं, पाऊल टाकणारा पाहिजे." सात स्थळं अशी गेली. आठव्याला माझं डोकं फिरलं. तात्या, लग्न लावायचंय की मोडायचंय, असं मी सरळ विचारलं. त्यांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

गेल्या रविवारी मी स्वतःच स्थळ घेऊन गेलो. त्याला पडद्यावर बटणं नाहीत, रंगरूप नाही, सगळा कारभार कीबोर्डवरून. तात्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ह्यो तर निस्ता लंगोटावर आलाय." पण तो चटकन उघडला आणि आवाजही बरोबर आला. मी त्यांना सांगितलं, स्वल्पविरामाचं बटण दाबा, एकेक चित्र मागं जाईल.

तात्यांनी अक्षतांपाशी थांबवलं. बटण दाबलं. हवेतले तांदूळ एक बोट वर गेले. पुन्हा दाबलं. कॅमेरा नवरानवरीवरून गर्दीकडे झपकन वळला होता, त्यामुळे चित्रं नुसती फरपटलेली. तात्या मोजून एकेक मागं जात होते. आणि मग एका चित्रात, पडद्याच्या कडेला, काकू आल्या. हात वर, दिवा अर्धा बाहेर, केसांत अक्षता. कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून हसत होत्या.

तात्यांनी बटणावरून बोट काढलं.

मग ते सांगू लागले. त्या काळी बायको चुकून चित्रात आली की ते तिच्यावर ओरडायचे, आणि घरी येऊन तो तुकडा कापून टाकायचे. गिऱ्हाइकाच्या लग्नात लाईटवाली कशाला? ही एक कॅसेट न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून ती कापायची राहिली. एवढ्या लग्नांत काकूंचं हलतं-चालतं चित्र एवढंच. डोळ्याची पापणी लवावी तेवढा वेळ.

"जलमभर म्हटलं, सरक, मधी येऊ नगंस," तात्या म्हणाले. "लई आईकलं माझं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि तात्यांनीही तिकडं बघितलं नाही. काही वेळानं मी उठलो. तेव्हा त्यांनी मला हाक मारली. पडद्यावरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, "हात लावला न्हाय तर धा मिंटानं पडदा काळा हुतोय. तेवढं बंद करता येतंय का?"

येतं, म्हटलं. आणि मी ते बंद करून दिलं.