‘गेले’ एवढंच सांगा

बायकोला सांगायचं, पण आज नको, असं मामांनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. (हे वाक्य कुठल्याही नवऱ्याच्या चरित्राला सुरुवातीला चालेल. पण मामांच्या बाबतीत त्याची नोंद बँकेच्या दप्तरी आहे.)

मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत ते अकरा वर्षं तक्रारींच्या टेबलावर होते. कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की लिफ्टमधला फोन थेट मामांच्या टेबलावर वाजायचा. "घाबरू नका, मी आहे," असं ते इतक्या मऊ आवाजात म्हणायचे की एक गृहस्थ तर सुटका झाल्यावरही फोन ठेवायला तयार नव्हते. त्यामुळे ऑफिसात ते लिफ्टमामा झाले, आणि त्यांची बायको ओघानेच मामी. मामी एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायच्या. एकोणीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे घालून त्यांची नजर अशी तयार झाली होती की नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं खोटं त्यांना भिंगाशिवाय दिसायचं. फक्त त्यासाठी नवरा समोर हवा, आणि त्या आठवड्यात मामा समोर यायचंच टाळत होते.

त्याचं असं झालं. दोघं राहत होती त्या भाड्याच्या दोन खोल्या मालकांना परत हव्या होत्या. मुदत पुढच्या महिनाअखेरपर्यंत. पायाचे तुकडे पडेपर्यंत हिंडल्यावर मामींना एक फ्लॅट पसंत पडला. तिसरा मजला, दोन्ही बाजूंनी वारा, आणि स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना कोपर न मारता उभी राहू शकतील एवढी जागा. त्या जागेत मामी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. बयाणा दिला, आणि मामांच्या नावाने कर्जाचा अर्ज गेला.

बँकेतली मॅडम तरुण, पण मोठी सावध होती. फाइल बंद करताना ती म्हणाली, "कर्ज मंजूर होईपर्यंत आता काही हलवू नका हं. पत्ता नको, फोन नंबर नको, आणि नोकरी तर मुळीच नको. आम्ही तुमच्या ऑफिसात फोन करून खात्री करतो."

मामा हसले. "मॅडम, अकरा वर्षांत मी खुर्चीसुद्धा बदलली नाही."

चौथ्या दिवशी त्यांना दुसऱ्या कंपनीतून फोन आला. आपोआप उघडणारे काचेचे दरवाजे बनवणारी कंपनी. पद, ग्राहक समाधान प्रमुख. पगार दीडपट. आणि स्वतंत्र केबिन. अट एकच, सोमवारी हजर व्हायचं. मामांनी विचार करायला वेळ मागितला आणि फोन ठेवायच्या आतच होकार देऊन टाकला.

लिफ्ट कंपनीच्या मोठ्या साहेबांनी साठलेल्या रजा वळत्या करून त्यांना शुक्रवारी मोकळं करायचं कबूल केलं. जिना उतरताना मात्र मामांना मॅडमचं बोलणं आठवलं, आणि पोटात लिफ्ट चार मजले खाली गेली.

आता सरळमार्गी माणसाने बँकेला कळवलं असतं. शहाण्या माणसाने बायकोला. मामांनी टेलिफोनबाईंना गाठलं.

टेलिफोनबाई म्हणजे ऑफिसच्या दारातच बसणाऱ्या, येणारा प्रत्येक फोन घेणाऱ्या, आणि खोटं बोललं की उचकी लागणाऱ्या बाई.

"बँकेचा फोन आला तर मी नोकरी सोडली असं सांगू नका," मामा कुजबुजले.

"मग काय, आहात म्हणून सांगू? मला नाही जमायचं."

"खोटं नाही बोलायचं हो. नुसतं ‘गेले’ एवढंच सांगा. चहाला गेले, कामाला गेले, ज्याला जे समजायचं ते समजेल. नोकरी हा शब्द तेवढा काढू नका. पुढचं मी बघतो."

"‘गेले’ चालेल," टेलिफोनबाई विचार करून म्हणाल्या. "ते खरंच आहे."

शुक्रवारी केक कापला. मोठे साहेब बोलताना मध्येच थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला. पावणेसहाला मामा निघाले. घरी मामींनी विचारलं, "आज डबा न उघडताच परत आणलात?" मामा म्हणाले, "ऑफिसात केक होता." हे खरं असल्यामुळे मामींना काही दिसलं नाही.

सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळी, नेहमीचाच डबा घेऊन मामा नव्या नोकरीवर गेले. केबिनचा दरवाजा काचेचा, आपोआप उघडणारा. तो मामांसमोर उघडेना. ते पुढे गेले, मागे आले, हात हलवले, एक छोटी उडीही मारली. शिपाई आला, दरवाजा त्याच्यासाठी उघडला, आणि मामा त्याच्या मागोमाग आत घुसले. दिवसभर ते बाहेरच पडले नाहीत. (पुन्हा आत कोण घेणार?)

त्याच सोमवारी दुपारी जुन्या ऑफिसात मॅडमचा फोन आला. हे संभाषण मामांना पुढे दोन्ही बाजूंनी ऐकावं लागलं, म्हणून ते जसंच्या तसं उपलब्ध आहे.

"तक्रार विभागातले साहेब आहेत का?"

"गेले," टेलिफोनबाई म्हणाल्या.

"परत कधी येतील?"

"आता कसले परत येतात! गेले ते गेले."

"म्हणजे... कधी?"

"शुक्रवारी. पावणेसहाला."

"अरे देवा! अहो, गेल्याच आठवड्यात माझ्यासमोर बसले होते. काय झालं एकदम?"

"ते मला बोलता यायचं नाही. जाण्याआधी तसं निक्षून सांगितलंय त्यांनी."

"शेवटपर्यंत शुद्धीवर होते?"

"शुद्धीवर? अहो, केक खाल्ला, सगळ्यांशी हसून बोलले. मोठे साहेब तर रडले. आता ती रिकामी खुर्ची बघवत नाही बघा." टेलिफोनबाईंनी नाक ओढलं. "पण मी म्हणते, बरंच झालं. इथे किती वर्षं सडायचं? वर गेले, सुटले!"

मॅडमने डोळे पुसले आणि संगणकात अर्जदाराच्या नावापुढे ‘मयत’ अशी नोंद केली. बँकेचे नियम काही असोत, मुलगी मनाने चांगली. घरी भेटून यावं म्हणून संध्याकाळी ती बँकेच्या शिपायाला बरोबर घेऊन मामांच्या दारात उभी राहिली.

मामींनी दार उघडलं. बँकेची माणसं, तीही पडलेल्या चेहऱ्याने! मामींच्या मनात एकच आलं, कर्ज बारगळलं.

"कळलं आम्हाला," मॅडम हळूच म्हणाली. "फार वाईट झालं."

"म्हणजे सगळं संपलंच?"

"हो ना. शुक्रवारीच."

"शुक्रवारी! आणि हे मला एका शब्दानं बोलले नाहीत?"

"कसे बोलतील हो?"

"तोंडाने! पण यांचं हे नेहमीचंच. मागे शेगडी बिघडवली, तेव्हाही तीन दिवस गप्प होते."

मॅडमने त्यांचा हात हातात घेतला. धक्का बसल्यावर माणूस असंच काहीबाही बोलतं, हे तिने ऐकलं होतं. "तुम्ही मोकळेपणाने रडा."

"रडू कशाला? येऊ देत त्यांना. साडेसहाला येतीलच, तेव्हा बघते."

मॅडमने हात सोडला. शिपाई दाराच्या दिशेने अर्धं पाऊल सरकला. भिंतीवरच्या घड्याळात साडेसहाला दोन मिनिटं कमी होती.

कुलपात किल्ली फिरली. शिपायाने मॅडमच्या आणि मॅडमने मामींच्या मागे आसरा घेतला. दार उघडलं. दारात मामा, हातात डबा. बँकेच्या मॅडमला आपल्या घरात बघून त्यांचा चेहरा असा पांढराफटक पडला की शिपायाची उरलीसुरली शंकाही फिटली आणि तो मटकन खाली बसला.

अकरा वर्षांच्या सवयीने मामांच्या तोंडून निघालं, "घाबरू नका, मी आहे."

मॅडमने जी किंकाळी फोडली, ती ऐकून मालक खाली आले. त्यांना परत पाठवण्यात पाच मिनिटं गेली. मग पाणी झालं, उलगडा झाला, आणि घाबरलेली मॅडम एकदम बँकेची झाली.

"अहो, संगणकात तुम्ही मयत आहात!"

"मग मला जिवंत करा."

"ते माझ्या अधिकारात नाही. तुम्ही हयात असल्याचं पत्र लागेल, तुमच्या कंपनीचं."

मामा खाली बघत म्हणाले, "कुठल्या कंपनीचं आणू?"

"कुठल्या म्हणजे?" मामींनी विचारलं.

त्या इतक्या हळू बोलल्या की शिपाईसुद्धा उठून उभा राहिला. मामांनी सगळं सांगितलं. केबिन, पगार, दरवाजा, उडीसकट. मॅडमने मान हलवली. नवी नोकरी, म्हणजे सहा महिने कर्ज नाही. आणि खोल्या रिकाम्या करायला उरले होते चाळीस दिवस.

बँकेची माणसं गेल्यावर मामी बराच वेळ ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या.

"का नाही सांगितलंत?"

"तू नको म्हणाली असतीस. आणि नको म्हणणं बरोबर असतं." मामा डब्याच्या झाकणाशी खेळत राहिले. "लोक अडकायचे आणि मी नुसतं घाबरू नका म्हणायचो. अकरा वर्षं. दार उघडायला दुसराच कुणीतरी जायचा. वाटलं, एकदा तरी आपण काहीतरी करून दाखवावं. घर मिळालं की किल्ली तुझ्या हातात ठेवणार होतो आणि मग केबिनचं सांगणार होतो."

मामी वळल्या. त्यांनी नवऱ्याला नमुना तपासावा तसं नीट न्याहाळलं. यावेळी त्यात खोटं काही सापडलं नाही.

"आजचा डबा तरी खाल्लात का?"

"केबिनमध्ये बसून खाल्ला."

"कसं वाटलं?"

"भाजीला मीठ कमी होतं."

मामी हसल्या नाहीत, पण ताट वाढलं. मामांना तेवढं पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी मामींनी रजा काढली आणि आपल्या पगाराच्या पावत्या पिशवीत भरून मामांना बँकेत नेलं. एकोणीस वर्षं एकच प्रयोगशाळा, एकही खाडा नाही. पावत्या बघून मॅडमचा चेहरा असा उजळला की मामांना आपल्या कागदांच्या वेळचा तिचा चेहरा आठवून थोडं वाईट वाटलं. अर्ज नव्याने भरला. मुख्य अर्जदार मामी, सहअर्जदार मामा. आधी अर्थातच मामांना ‘मी जिवंत आहे’ असं लेखी द्यावं लागलं. तेही दोन प्रतींत.

सगळं लिहून झाल्यावर मॅडम जरा घुटमळली. "एक सुचवू का? राग मानू नका. अर्ज एकट्या बाईंच्या नावावर असला, तर व्याज पाव टक्का कमी बसतं. आणि यांचं नाव नसलं की त्या ‘मयत’ नोंदीपायी फाइल वरच्या साहेबांकडे पाठवावी लागत नाही. आजच मंजूर होईल."

मामांनी घसा साफ केला. "त्याचं काय आहे मॅडम, घर हे शेवटी दोघांचं..."

"काढा," मामी म्हणाल्या.

मॅडमने मामांच्या नावावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "खाडाखोड झाली की ज्याचं नाव खोडलं त्याची सही लागते. इथे करा."

मामांनी मोठ्या मनाने, मान किंचित तिरकी करून, लफ्फेदार सही ठोकली. मॅडमने ती बघितली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ही मॅनेजरसाहेबांची जागा!" तिने कागद टराटरा फाडला आणि मामींपुढे नवा कोरा फॉर्म ठेवला. "बाई, आपण दोघी पुन्हा भरू. आणि काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"