गजाभाऊ राऊत यांची उलटी चाल

आमच्या समोरचे गजाभाऊ राऊत घरातून निघाले की उलटे चालत निघायचे. तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे, आणि पाय एकेक करून मागे. बोईसरच्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक चिंच आहे, तिथे रस्ता वळतो. त्या चिंचेपर्यंत ते असेच जायचे, वळणावर हात वर करायचे आणि दिसेनासे व्हायचे. चाळीत नवा भाडेकरू आला की पहिल्याच आठवड्यात माझ्या खिडकीशी येऊन हळूच विचारायचा, "ताई, ते समोरचे काका जरा... हे आहेत का?"

"हे नाहीत हो. ट्रान्सपोर्टमध्ये आहेत," मी म्हणायची.

माझं शिलाई मशीन खिडकीशी असतं. ब्लाउज शिवता शिवता सगळी गल्ली नजरेखालून जाते, त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही. आणि ट्रान्सपोर्टमधली सगळीच माणसं उलटी चालत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण गजाभाऊंचं ट्रान्सपोर्ट म्हणजे कांद्याबटाट्याची पोती नव्हेत. परदेशातून बोटीनं बॉयलर यायचे, टाक्या यायच्या, एकेक धूड आमच्या चाळीएवढं. ते मुंबईच्या गोदीत उतरलं की घोडबंदर, मनोर, चिल्हार फाटा करत तारापूरच्या कारखान्यांकडे निघायचं. कधी गुजरातेत जायचं, कधी पार राजस्थानात. ट्रेलरला चाकंच चाकं, आणि चाल माणसाची. अवघड वळण आलं, अरुंद पूल आला, की ड्रायव्हरला वरून काही समजायचं नाही. मग ट्रेलरच्या पुढ्यात, त्याच्याकडे तोंड करून, हातात लाल-हिरवी निशाणं घेऊन एक माणूस उलटा चालायचा. तेच आमचे गजाभाऊ. "येऊ दे... येऊ दे... डावी मार... येऊ दे... बस्स!"

"जर्मनीवरनं निघतो, जपानवरनं निघतो," ते सांगायचे, "अर्धी दुनिया फिरून येतो. आन् अडकतो कुठं? मनोरच्या नाक्यावर, भजीवाल्याच्या छपराला!"

त्यांचा ड्रायव्हर एक दांडगा सरदारजी होता. त्याचं नाव काढलं की गजाभाऊंची छाती फुगायची. "सरदार रस्ता बघत नाय ताई. माझं तोंड बघतो. मी पाठ फिरवली की गाडी जागच्या जागी उभी. लोड पुढं न्यायचा तर त्याच्याकडं तोंड पायजे."

आता हे कामावर ठीक आहे. पण बाजारात भाजी आणायला जाताना कशाला? चिंचेखाली दूधवाल्याच्या म्हशी बसलेल्या असत आणि गजाभाऊ त्यांच्यातल्या एकीवर तरी आदळल्याशिवाय वळण घेत नसत. एकदा शिरगावच्या कोळणीच्या पाटीवर गेले. बोंबील गल्लीभर! ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाठीला डोले हायत का रे तुला?" गजाभाऊ खाली बसून बोंबील गोळा करत होते, तेही घराकडे तोंड करून.

घराच्या दारात तेव्हा इंदूवहिनी उभ्या असायच्या. त्यांची बायको. पालघरजवळच्या माहीमची बाई, अंगानं काटकी आणि जिभेनं तिखट. नवरा निघाला की उंबऱ्यात उभ्या राहून त्या ओरडायच्या, "पुढं बघा! अवो, म्हस हाय! सगळी गल्ली हसते, लाज नाय वाटत?" गजाभाऊ हसत हसत मागे मागे जात, म्हशीला धडकत, आणि हात वर करून वळत. वहिनी मात्र चिंचेकडे बघत आणखी थोडा वेळ उभ्या राहत. मूलबाळ नव्हतं. लोड लांबचा असला की गजाभाऊ महिना महिना बाहेर.

ह्या माणसाला जगात दोनच गोष्टी दिसायच्या, लोड आणि रस्ता. माझी नणंद एकदा राहायला आली. तब्येतीनं चांगली आहे ती. रिक्षातून उतरली तेव्हा गजाभाऊंनी आमच्या दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मला धीर दिला, "जातील. पण तिरप्या." नणंद अजून विचारते, तो मेला मेला की नाही.

पण खरी गंमत आमच्या लोखंडी कपाटाची. हातगाडीवरून कपाट आलं, आणि मी चार हमाल सांगायच्या आत गजाभाऊ निशाणं घेऊन हजर. खडूनं खोलीभर रेघा मारल्या. माझं मशीन हलवलं, फडताळातली भांडी उतरवली, देवांनासुद्धा पाटासकट स्वयंपाकघरात नेलं. हमाल वैतागले होते, पण ऐकत होते, कारण गजाभाऊंच्या आवाजात काहीतरी होतं खरं. ते कपाटाच्या पुढे उलटे चालत, "येऊ दे... येऊ दे... अंगाला घासू देऊ नको... येऊ दे..." कपाट कोपऱ्यात शिरलं. "बस्स!" असा आवाज आला. हमालांनी घाम पुसला आणि चहाला निघून गेले.

मी म्हटलं, "वा गजाभाऊ! एक ओरखडा नाही."

"नाय ना?" कपाटाच्या मागून आवाज आला. "मग झालं तर. आता जरा कुणाला तरी बोलवा. मी हितं हाय."

कपाटाला वाट दाखवत दाखवत हा माणूस स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसला होता! मी पोट धरून हसले. इंदूवहिनी धावत आल्या, कपाटाच्या फटीतून आत डोकावल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "राहू द्या हो दोन दिवस. तेवढेच घरात सापडतील." सगळे हसलो. वहिनींच्या त्या बोलण्यात नुसती चेष्टा नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

मग ते वाईट वर्ष आलं. एक ट्रेलर राजस्थानात कुठेतरी रुतला होता, आणि कंपनीची जीप सकाळीच गजाभाऊंच्या दाराशी येऊन हॉर्न वाजवत उभी राहिली. गजाभाऊ अर्धा चहा टाकून जीपमध्ये बसले आणि गेले. त्याच दुपारी समोरून भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला. मी मशीन सोडून पळाले. वहिनी चुलीपाशी आडव्या होत्या आणि त्यांचं तोंड एका बाजूला गेलं होतं. आम्ही शेजाऱ्यांनी त्यांना पालघरला दवाखान्यात नेलं. गजाभाऊंपर्यंत निरोप पोचून ते येईतो वहिनींचा जीव वाचला होता, बोलणं बरंचसं परतलं होतं, पण डावा पाय हलत नव्हता.

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "ह्यांना रोज चालवा. आत्ता चालल्या नाहीत तर पाय कायमचा जाईल." वहिनी भिंत धरून खाटेपासून मोरीपर्यंत जायच्या, बस्स. दाराबाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत. "गल्लीनं माझा फरपटता पाय बघायला नको," म्हणायच्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. तिखट बोलणंसुद्धा बंद झालं. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

अशात एक दिवस कंपनीचे साहेब स्वतः आले. गोदीत आजवरचं सगळ्यात मोठं धूड उतरलं होतं, आणि सरदारजी हटून बसला होता की गजाभाऊ पुढे असेल तरच गाडी काढीन. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू आलं.

"नाय जमणार साहेब," गजाभाऊ म्हणाले. "माझा हितला लोड अजून पोचला नाय."

"इथला? बोईसरला आपला कुठला लोड आहे?" साहेब बुचकळ्यात पडले.

"हाय एक. नाजूक हाय," एवढंच गजाभाऊ म्हणाले आणि साहेबांना पाणी दिलं.

साहेब गेल्यावर ते माझ्या खिडकीशी आले. लाल कापडाचा तुकडा मागितला. ब्लाउजपिसातला उरलेला दिला. घेऊन जातील म्हटलं, तर तिथेच उभे राहिले.

"ताई, त्या दिवशी जीप दारात आली नसती ना," ते म्हणाले, "तर मी नेहमीसारखा गेलो असतो. चिंचेपर्यंत बघत. ती दारात उभी होती का, कशी होती, तोंड उतरलेलं होतं का, काय सुदिक बघितलं नाय मी. पाठ करून गेलो."   इतकी वर्षं आम्ही त्या चालीला कामाची खोड समजत होतो. मी तो लाल तुकडा परत मागून घेतला आणि कात्रीनं त्याच्या कडा सरळ करून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गजाभाऊंचा आवाज घुमला. रस्त्याची पाहणी चालली होती! वाळत घातलेली धोतरं, लुगडी सगळी दोरीसकट उतरवली. कुणाची स्कूटर हलवली, नळावरच्या बायकांच्या बादल्या भिंतीला लावल्या, वाटेवरचे दगड उचलले. मग उंबऱ्यावर नारळ फोडला. मोठा लोड निघताना चाकाखाली ठेवतात तशी उंबऱ्याबाहेर दोन लिंबं ठेवली. आणि शेवटी वहिनींच्या पदराला मागून माझं लाल कापड बांधलं. लोडच्या शेपटाला लाल कापड लागतंच.

वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. त्यांनी लिंबं पाहिली, पदर पाहिला, आणि किती दिवसांनी त्यांचा आवाज चढला. "मी काय बॉयलर हाय?"

"बॉयलर बरा," गजाभाऊ म्हणाले. "तो उलट बोलत नाय."

"थांबा, दाखवते तुमाला!" असं म्हणत त्यांच्यावर हात उगारायला वहिनींनी चौकट सोडली. आणि पाऊल पडलं. उंबऱ्याबाहेर! लिंबू चिरडलं. गजाभाऊ एक पाऊल मागे सरले, दोन्ही हात पुढे पसरून, कधीही सावरता येईल एवढ्याच अंतरावर.

"येऊ दे," ते म्हणाले. "येऊ दे... डावी मार... डावी... येऊ दे."

त्या दिवशी लोड नळापर्यंत गेला आणि परतला. वहिनींच्या पायापेक्षा आमचेच डोळे जास्त गळत होते. मग रोज सकाळी हाच कार्यक्रम. वहिनी दमल्या तर बसायला म्हणून मी स्टूल घेऊन मागून चालायची, माझी नेमणूक मागची पायलट गाडी म्हणून झाली होती. ब्लाउज रखडले, गिऱ्हाइकं शिव्या घालायला लागली. पण कुणी हसलं नाही. हसल्या त्या फक्त वहिनी, नवरा कुठे धडकला की.

असं करत करत एका सकाळी आम्ही चिंचेजवळ पोचलो. वहिनी थांबल्या. दम लागला होता, कपाळ घामानं भरलं होतं. मागे वळून त्यांनी स्वतःच्या दाराकडे पाहिलं. इतकी वर्षं तिथून त्या ही चिंच बघत आल्या होत्या.

"पोचले बघा मी," त्या म्हणाल्या. "आता तरी वळा. माणसासारखं पुढं बघून चाला."

गजाभाऊ वळले नाहीत. "पुढं बघितलं तर तू दिसत नायस," ते म्हणाले.

गल्लीत कुणी ऐकलं नाही ना म्हणून वहिनींनी घाईनं इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्याकडे नजर जाताच लाजल्या. लाल कापड बांधलेल्या पदरानं त्यांनी घाम पुसला, आणि डोळेही. मग सावकाश पुढचं पाऊल टाकलं.

"बरं. तुमी मला बघा," त्या म्हणाल्या. "पुढचं मी बघते. येऊ द्या... येऊ द्या... जरा उजवीकडं... अवो, बस्स! म्हस हाय मागं."

गजाभाऊ जागच्या जागी थांबले. त्या वळणावर म्हशीला न धडकलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.